ट्रॉलर वेगळा, पर्ससीन वेगळी

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात गेलात तर धक्क्याला लागलेल्या बोटी जरा निरखून बघा. काही बोटींच्या मागच्या बाजूला दोन जाडजूड फळ्या टांगलेल्या असतात. त्यांना खालून लोखंडी पट्टी मारलेली असते आणि ती समुद्राच्या तळाला घासून घासून चकचकीत झालेली असते. जवळच विंच आणि तिच्यावर गुंडाळलेला तारेचा दोर. हा ट्रॉलर. शेजारच्या बोटीवर फळ्या नाहीत. तिथे डेकवर जाळ्याचा डोंगर रचलेला असतो. जाळ्याच्या एका काठाला ओळीने बोये, दुसऱ्या काठाला शिशाची वजनं आणि धातूच्या कड्या. ही पर्ससीन. माणसं मोजली तरी फरक कळतो: ट्रॉलरवर सहा-आठ खलाशी, पर्ससीनवर वीस-पंचवीस, कधी त्याहून जास्त.

तरीही 'पर्ससीन ट्रॉलर' असा जोडशब्द सर्रास वापरला जातो आणि इंजिनवर चालणारी प्रत्येक मोठी बोट आपल्या बोलण्यात 'ट्रॉलर' होऊन जाते. मला हे खटकतं, कारण ही दोन जाळी समुद्राला दोन वेगळ्या प्रकारे इजा करतात. एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही.

ट्रॉल म्हणजे ओढायचं जाळं. आकार लांबलचक पिशवीसारखा, तोंड रुंद आणि शेपटाकडे निमुळतं. बोट पुढे चालू लागली की पाण्याच्या दाबाने त्या दोन फळ्या एकमेकींपासून दूर फाकतात आणि जाळ्याचं तोंड उघडं राहतं. मग दोन-तीन तास हे जाळं तळावरून फरफटत नेतात. मुख्य ओढ कोळंबीची. कोळंबी तळाच्या चिखलात राहते, म्हणून जाळंही तळाला टेकलेलंच हवं. चिखलातून एवढं ओझं ओढायचं म्हणजे डिझेलही भरपूर जळतं.

ट्रॉलरचा माल धक्क्यावर ओतला जातो तेव्हा एकदा जवळ उभं राहावं. कोळंबी बायकांची बोटं झपाझप वेचून घेतात, मांदेली, ढोमा, बळा यांच्या वेगळ्या पाट्या भरतात, आणि तरी खाली ढीग उरतो. त्यात बोटभर लांबीची, अजून अंगाने न भरलेली पिल्लं असतात. बारकी कुर्ली, शंख, तारामासे, माकुलाची पोरं, चिखलाने माखलेलं असं काही, ज्याचं नावही पटकन सांगता येणार नाही. कधी एखादा समुद्री सापही. यातलं ताटात येणारं काहीच नसतं. हा माल वाळवून, दळून फिशमील बनतो आणि कोंबड्यांच्या नाहीतर तळ्यात पाळलेल्या कोळंबीच्या खाद्यात जातो. वर्षभराने पाटीभर झाली असती ती मासळी इथे किलोच्या मातीमोल भावाने संपते. मला त्या ढिगाकडे फार वेळ बघवत नाही.

ढिगात न दिसणारं नुकसान आणखी मोठं. तळावरचे स्पंज, मऊ प्रवाळ, चिखलात बिळं करून राहणारे किडे हे सगळं मिळून माशांच्या पिल्लांचं पाळणाघर असतं. फळ्या त्यावरून पुन्हा पुन्हा फिरल्या की तळ नांगरलेल्या शेतासारखा होतो, फक्त इथे कोणी काही पेरत नाही.

पर्ससीन तळाशी जात नाही, निदान जायला नको. ती वरच्या पाण्यात थव्याने फिरणाऱ्या माशांसाठी आहे: बांगडा, तारली, कुपा. तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, थवा दिसला की बोट गोल फिरवत जाळ्याची भिंत पाण्यात सोडतात. ही भिंत अर्धा किलोमीटर किंवा त्याहून लांब असते. वेढा पुरा झाला की खालच्या कड्यांतून ओवलेला दोर ओढायचा. बटव्याची नाडी ओढल्यावर तोंड आवळतं तसा जाळ्याचा तळ बंद होतो आणि आतला थवा आतच राहतो. काम फत्ते झालं तर एका वेढ्यात टनांनी मासळी.

आता गंमत बघा: नुसत्या जाळ्याचा हिशेब केला तर पर्ससीन ट्रॉलपेक्षा स्वच्छ आहे. बांगड्याच्या थव्याभोवती टाकलेल्या जाळ्यात बहुतेक बांगडाच येतो, कचरा कमी. कासवाचंच उदाहरण घ्या. वेळास, आंजर्ले, गुहागरच्या किनाऱ्यांवर अंडी घालायला येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांना श्वासासाठी पाण्यावर यावं लागतं. पर्ससीनच्या वेढ्यात सापडलेलं कासव वर तरंगून श्वास घेऊ शकतं आणि खलाशाने मनावर घेतलं तर जिवंत बाहेर काढता येतं. तळाशी दोन-तीन तास ओढल्या जाणाऱ्या पिशवीत ते गुदमरतं. त्यावरचा उपाय माहीत आहे. जाळ्याच्या गळ्यात तिरकी जाळीदार चौकट बसवायची. कोळंबी गजांमधून पार होते आणि कासव वरच्या झापेतून निसटतं. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने भारतीय बोटींसाठी तशी चौकट बनवलीही आहे. ती सगळीकडे वापरात नाही म्हणून २०१९ पासून अमेरिकेने भारतातली समुद्रात पकडलेली कोळंबी घेणं बंद केलं.

मग पर्ससीनवर एवढा राग का? कारण ती थवा सोडत नाही. गळाला, साध्या जाळ्याला थव्यातले काही मासे लागतात, बाकीचे निघून जातात. पर्ससीन अख्खा थवा उचलते, अंडी घालायला निघालेलाही. त्यातून ती किनाऱ्याजवळ आली तर थेट रापणीच्या तोंडचा घास जातो. रापणही थव्याला वेढाच घालते, पण एक होडी अर्धगोल जाळं सोडते आणि वाडीतली माणसं दोन्ही टोकं किनाऱ्यावरून ओढतात. मिळेल त्याचे वाटे होतात. किनाऱ्यापर्यंत येईल तेवढाच मासा तिचा. मालवण-वेंगुर्ल्याच्या रापणकरांचं भांडण पर्ससीनशी का, ते यातून कळावं: मासा तोच, फक्त वाटेत आधीच गाठलेला.

ट्रॉलरशी होणारी भांडणं वेगळी. समुद्रात लावून ठेवलेल्या जाळ्यांवरून ट्रॉलर गेला की ती फाटतात, वाहून जातात, आणि एका रात्रीत लाखाचा माल बुडालेला माणूस सकाळी मोकळ्या हाताने परत येतो. गोव्यात १९७० च्या दशकात रांपणकार, म्हणजे तिथले रापण ओढणारे, रस्त्यावर उतरले ते या दोन्ही बोटींविरुद्ध.

आता उपायांकडे बघितलं की घोळ कुठे होतो ते दिसतं. ट्रॉलला जाळ्याच्या शेपटाची भोकं मोठी करणं लागू पडतं. साध्या जाळीची भोकं ओढताना ताणून मिटतात. चौकोनी भोकं उघडी राहतात आणि पिल्लं निसटतात. हेच पर्ससीनला करा, तर मध्यम आकाराच्या भोकात हजारो बांगडे गळ्यापर्यंत अडकून बसतात, सुटत नाहीत आणि जाळंही वर येत नाही. तिथे जाळीची भोकं ठरवून भागत नाही. किती बोटी, कोणते महिने, किनाऱ्यापासून किती लांब हे ठरवावं लागतं. महाराष्ट्राने तेच केलं. पर्ससीनच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याच्या हद्दीत पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा ठेवली आणि परवाने कमी करत आणायचं ठरवलं. ही हद्द किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर. पलीकडचं पाणी केंद्राचं. बोट आत होती की बाहेर, यावरचे वाद तिथूनच सुरू होतात. १ जून ते ३१ जुलैची बंदी मात्र दोघांनाही सारखी.

अजून एक गोष्ट यात मिसळते, ती म्हणजे मासे जमवायला लावलेले एलईडी दिवे. देवगड-मालवणकडे रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं आणि क्षितिजावर एका जागी पांढराशुभ्र झगमगाट दिसला, तर तो ट्रॉलर समजू नका. जाळं ओढणारी बोट सरकत राहते. एका जागी थांबून जनरेटरवर दिवे लावलेल्या बोटीखाली आधी बारीक जीव जमतात, त्यांच्यामागे लहान मासे, त्यांच्यामागे बांगडा आणि माकूल. सगळे जमले की पर्ससीनचा वेढा. थवा शोधण्याची गरजच उरत नाही. समुद्र स्वतः चालत बोटीखाली येतो. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये अशा दिव्यांवर बंदी घातली, २०२१ मध्ये राज्याने कायदा बदलून दंड वाढवले, आणि पारंपरिक मच्छीमार त्यानंतरही या उजेडाच्या तक्रारी घेऊन मत्स्य विभागाच्या कार्यालयात जातच आहेत. तक्रार लिहिताना 'ट्रॉलर' असं लिहिलं तर चौकशी भलत्याच बोटीची होते. 'पर्ससीन, एलईडीसह' असं लिहा, आणि जमल्यास बोटीच्या केबिनवर रंगवलेला नंबर.