हिरवं पाकीट, हिरवा डबा

रविवारी इंदूरला रामबागेत ताईकडे पोहे-जिलबी चालली होती. कचरागाडीचं गाणं ऐकू आलं तशी साडेतीन वर्षांची भाची चिप्सचं रिकामं पाकीट घेऊन पळाली आणि ओल्या कचऱ्यात टाकून आली.

"चिऊ, प्लास्टिक कुठे टाकायचं असतं?"

"निळ्यात!"

टाकलं होतं हिरव्यात. पाकीटही हिरवं होतं.

"बघ, सगळं माहीत असून मुद्दाम करते," ताई वैतागली. "शाळेतूनही हीच तक्रार. बोट वर करून बोलायचं हे घडाघडा सांगते आणि वर्गात मध्येच ओरडते." 2017 मध्ये स्वच्छतेत देशात पहिलं आलेल्या इंदूरच्या अब्रूचा प्रश्न होता, तरी मी भाचीच्या बाजूने.

1990 च्या दशकात मानसशास्त्रज्ञ फिलिप झेलाझो आणि सहकाऱ्यांनी लहान मुलांना पत्ते वाटायला दिले. लाल ससे, निळ्या होड्या. समोर दोन खोकी: एकावर निळा ससा, दुसऱ्यावर लाल होडी. आधी रंगाप्रमाणे वाटा. सगळ्यांना जमलं. आता रंग सोडा, चित्र बघा. तीन वर्षांच्या मुलाला विचारलं, "ससे कुठे जातात?" तो बरोबर खोकं दाखवतो. मग हातात लाल ससा दिला, की तो गुपचूप लाल होडीच्या खोक्यात! नवा नियम तोंडात, जुना हातात. पाचव्या वर्षापर्यंत बहुतेकांना हे साधतं.

नियम माहीत असणं वेगळं आणि आधीच निघालेला हात थांबवणं वेगळं. हा ब्रेक कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सकडे असतो. मोठ्या माणसात तिथून सबथॅलॅमिक केंद्रकाला, म्हणजे खोलवरच्या पेशींच्या एका छोट्या पुंजक्याला, इशारा जातो, ते बेसल गँग्लियाच्या (हालचालींवर लगाम ठेवणाऱ्या भागाच्या) बाहेरच्या दाराशी असलेल्या पेशींना चेतवतं, त्या थॅलॅमसला, म्हणजे निरोप पुढे पाठवणाऱ्या केंद्राला, दाबून धरतात आणि स्नायूंकडे निघालेला हुकूम अडतो. सगळं सेकंदाच्या अंशात. मेंदूचा हा पुढचा भाग सगळ्यात उशिरा पिकतो, पार पंचविशीपर्यंत. चिऊच्या गाडीला ॲक्सिलरेटर आहे, ब्रेकचं काम चालू आहे.

(डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवतो, 'मिडब्रेन' म्हणजे मधला मेंदू जागवतो, म्हणणाऱ्या क्लासवाल्यांनी ताईलाही गाठलं होतं. असल्या क्लासने हा ब्रेक पिकत नाही, आणि पट्टीखाली नाकाशेजारच्या फटीतून कोणालाही वाचता येतं.)

मग करायचं काय? मानसशास्त्रज्ञ ॲडेल डायमंड यांच्या प्रयोगात सूर्य दिसला की 'रात्र' म्हणायचं आणि चंद्र दिसला की 'दिवस'. चार वर्षांची मुलं बरेचदा चुकायची. 2002 च्या त्यांच्या शोधनिबंधात एक गंमत आहे: चित्र दाखवल्यावर प्रयोग घेणाऱ्यांनी उत्तराआधी छोटीशी ओळ गुणगुणली, तर त्याच वयाची मुलं बरीच बरोबर सांगू लागली. तोंडावर आलेलं पहिलं उत्तर तेवढ्यात ओसरतं. रागावण्यापेक्षा दोन-चार सेकंद मिळवून देणं जास्त कामाचं.

ताईने लगेच करून पाहिलं. दुसरं पाकीट चिऊच्या हातात, तिचा हात स्वतःच्या हातात, आणि "ओला की सुका, ओला की सुका" असं तालात तीनदा. पाकीट निळ्यात गेलं. टाळ्या झाल्या.

मागोमाग केळ्याचं सालही निळ्यातच गेलं.