कविता वाचली, ऐकली, पाहिली : मराठीच्या तासामागची गोष्ट

नववीच्या वर्गात ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ कुणाला येतं, असं विचारलं की हात वर होतात आणि लगेच गाणं सुरू होतं. कविता म्हणून म्हणायची कुणाला सुचतच नाही, थेट चालीतच. लता मंगेशकरांचा आवाज आणि हृदयनाथांची चाल घराघरांत इतकी मुरली आहे की या शब्दांना गाण्याआधी एक छापील जन्म होता, हे मुलांना सांगावं लागतं.

मग मी कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ हा कवितासंग्रह उघडते. कवितेचं नाव नुसतं ‘सात’. गाणं ऐकून कानात पहिली बसते ती म्यानातून उसळणारी तलवारीची पात. पुस्तकात त्या पातीच्या आधी एक पत्र आहे. ‘श्रुति धन्य जाहल्या’ असं म्हणत सुरू होणारं, आपलं सैन्य रण सोडून पळतं हे ऐकून आमचे कान धन्य झाले, असं सुनावणारं. बहलोलखानाला हातचा सोडून दिल्याबद्दल शिवाजी महाराजांनी प्रतापराव गुजरांना दिलेला तो ठपका, आणि त्यातूनच २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत झालेली ती झेप. पत्राची अक्षरं वाचताना सरदाराचं मन कसं जळत गेलं, हे कवी आधी दाखवतो आणि तलवार नंतर काढतो. पत्र वाचून जो पातीपर्यंत पोचतो त्याला शरम दिसते. जो पातीपासूनच ऐकू लागतो त्याला शौर्य दिसतं. दोन्ही खरं आहे, पण अनुभव एक नाही.

हा फरक का पडला, याचं उत्तर इतिहासात आहे. ‘विशाखा’ वि. स. खांडेकरांच्या पुढाकाराने १९४२ साली आली, ‘चले जाव’च्या वर्षी. गाणं आलं ‘शिवकल्याण राजा’ या ध्वनिमुद्रिकेत, १९७४ साली, राज्याभिषेकाला ३०० वर्षं झाली तेव्हा. एका पारतंत्र्यातल्या वाचकाच्या हातातलं पुस्तक आणि एका उत्सवासाठी केलेली तबकडी. प्रसंग बदलला की कवितेचं कुठलं टोक पुढे आणायचं तेही बदलतं.

मुलांना ही तुलना शिकवायची, हा विचार अभ्यासक्रमाच्या भाषेत नेमकेपणाने मांडला गेला तो अमेरिकेत. २०१० साली तिथे ‘कॉमन कोअर’ नावाची मानकं जाहीर झाली. त्यात सहावीच्या मुलाने कविता वाचताना मनात काय दिसलं आणि काय ऐकू आलं, आणि तीच कविता ऐकताना-पाहताना काय जाणवलं, हे ताडून पाहायचं आहे. सातवीत त्याच्या एक पायरी पुढे जायचं: प्रकाश, आवाज, रंग, कॅमेरा कुठे रोखला आहे, कुठल्या कोनातून बघतो आहे, या प्रत्येक माध्यमाच्या खास हत्यारांनी काय परिणाम साधला ते सांगायचं. मला यातली दुसरी पायरी मोलाची वाटते. ‘गाणं जास्त आवडलं’ हे मत झालं. ‘तबल्याने इथे लय धरली म्हणून ओळ घाईची वाटली’ हे निरीक्षण आहे.

आपल्याकडे याला मिळतंजुळतं काही नव्हतं असं नाही. कविता कानाने घ्यायची सवय मराठीला ओवी-अभंगांपासून आहे. छापील कवितेच्या काळातही पुण्यातल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी, विशेषतः यशवंत आणि गिरीश यांनी, काव्यगायनाने सभागृहं भरवली. पुढे १९३० च्या दशकात कविता ग्रामोफोनच्या तबकडीवर आली. ना. घ. देशपांडे यांची ‘रानारानात गेली बाई शीळ’ जी. एन. जोशी यांनी तबकडीवर गायली आणि भावगीत म्हणून एक नवीनच प्रकार रुजला. त्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम ३ ते साडेतीन मिनिटं मावत. लांब कवितेची कडवी गळायची, एखादी ओळ ध्रुपद होऊन परत परत यायची. आज मुलांना ‘हे कडवं गाण्यात का नाही’ असा प्रश्न पडतो, त्याचं उत्तर कधीकधी इतकं साधं असतं: तबकडी संपली.

रेडिओने ही मर्यादा सैल केली. १ एप्रिल १९५५, रामनवमी. पुणे आकाशवाणीवरून गदिमा आणि सुधीर फडके यांचं ‘गीतरामायण’ सुरू झालं आणि पुढे वर्षभर ५६ गीतं घरोघर पोचली. नाशिककर म्हणून माझा जीव त्यातल्या पंचवटीच्या भागात अडकतो, ‘मज आणुन द्या तो हरिण’ म्हणणाऱ्या सीतेपाशी. मुलांची सहल सीतागुंफा आणि काळाराम मंदिरात होऊन गेलेली असते, त्यामुळे हे त्यांना परकं नाही. तुलनेसाठी इथे सोन्यासारखी सोय आहे. आकाशवाणीवर पात्रांप्रमाणे गायक-गायिका वेगळे होते, त्यात माणिक वर्मांसारख्या गायिका होत्या. नंतर बाबूजींनी, म्हणजे फडक्यांनी, सगळं गीतरामायण एकट्याने गायलं. शब्द तेच, सूर तेच. पण सीतेचं बोलणं एकदा बाईच्या गळ्यातून येतं आणि एकदा कथा सांगणाऱ्या पुरुषाच्या. पहिल्यात सीता समोर असते. दुसऱ्यात तिची आठवण कुणीतरी सांगत असतं.

आणि सिनेमा? तो तर आमच्या मातीतला. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले. मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवल्यावर १९१३ मध्येच त्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवलं आणि इथेच पुढचे चित्रपट काढले. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता ही दोन्ही कामं अण्णा साळुंखे या एकाच नटाने केली. मूकपट होता, आवाज नव्हताच. म्हणजे ज्या कथेला गीतरामायणाने फक्त आवाज दिला, तिला फाळक्यांनी आधीच फक्त चित्र दिलं होतं. हे दोन टोकांचे नमुने मुलांपुढे ठेवले की ‘माध्यम’ हा शब्द समजावून सांगायची फारशी गरज उरत नाही.

कुसुमाग्रज स्वतः या दोन्हींच्या मधे उभे होते. एचपीटी कॉलेजातून बाहेर पडल्यावर ते नाशिकच्या गोदावरी सिनेटोन कंपनीत होते. तिच्या ‘सती सुलोचना’ची पटकथा त्यांनी लिहिली आणि त्यात लक्ष्मणाची भूमिकाही केली. कॅमेऱ्यासमोर उभं राहिलेला हा कवी. पुढे शिरवाडकर या नावाने त्यांनी लिहिलेलं ‘नटसम्राट’ १९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी रंगमंचावर उभं केलं आणि २०१६ मध्ये त्यावर नाना पाटेकरांचा चित्रपट आला. त्यातली स्वगतं कवितेसारखीच पाठ होतात, त्यामुळे तीही मी तुलनेला घेते. रंगमंचावर नायक गणपतराव शेवटच्या रांगेसाठी बोलतात. पडद्यावर कॅमेरा त्यांच्या पापणीपाशी जाऊन बसतो, म्हणून तेच वाक्य पुटपुटलं तरी चालतं.

शाळेत मात्र हे सगळं असूनही बराच काळ कवितेला चाल लावणं म्हणजे ती ‘सोपी करणं’ एवढाच अर्थ होता. बाईंनी गाऊन दाखवायची, मुलांनी मागून म्हणायची. नंतर टेपरेकॉर्डर आला. परीक्षेत रसग्रहण होतं आणि आजही दहावीच्या कृतिपत्रिकेत आहे: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं. तिन्ही गोष्टी छापील ओळींवरच थांबतात. २०१७ साली ‘दीक्षा’ हे सरकारी शैक्षणिक व्यासपीठ आलं, बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आले, आणि कवितेचं गायन मोबाइलवर एका बोटाच्या अंतरावर आलं. त्याने एक अडचणही झाली. पुष्कळ मुलं आता कविता वाचण्याआधीच ऐकतात आणि त्यांच्या डोक्यात पहिलं चित्र दुसऱ्याच कुणाचं बसतं. म्हणून मी एक नियम पाळते: आधी पुस्तक, मनात वाचायचं, वहीत दोन ओळी लिहायच्या. मग स्पीकर. पडदा सर्वांत शेवटी.

या नियमाचा अर्थ मला कुसुमाग्रजांच्याच ‘कणा’ या कवितेने शिकवला. पावसात भिजलेला जुना विद्यार्थी सरांकडे येतो आणि ‘गंगामाई पाहुणी आली’ म्हणून पुराची गोष्ट सांगतो. नाशिकच्या मुलांना इथे टीप लागत नाही. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात आणि दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं यावर पूर मोजतात. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर वर्गातल्या बहुतेकांनी पाहिलेला आहे. मनात वाचताना मुलं एका जागी हमखास अडखळतात: ‘खिशाकडे हात जाताच’. हात कुणाचा? पुढची ओळ, ‘पैसे नकोत सर’, वाचली की उलगडतं. तो अर्धा क्षणाचा गोंधळ कवितेने मुद्दाम ठेवला आहे. आपल्याला कळायच्या आत तो विद्यार्थी ओळखतो आणि हसत उठतो.

मग मी हौशी मंडळींनी केलेली तिची एक चित्रफीत लावली. तीत सरांचा हात खिशाकडे जाताना आधीच स्पष्ट दिसतो, त्यामुळे अडखळायला जागाच नाही. सबंध कवितेत सर एक शब्द बोलत नाहीत. चित्रफितीत त्यांचे डोळे भरून येतात. आणि शेवटी, व्हायोलिन चढत असताना, ते त्याच्या पाठीवर हात ठेवतात. कविता ‘फक्त लढ म्हणा’ या विनंतीवर थांबते. हात ठेवला की नाही, तिथे लिहिलेलं नाही.

पहिल्यांदा ही चित्रफीत मी पुस्तकाआधी दाखवली होती. ती माझी चूक. त्या वर्षीच्या मुलांनी सरळ लिहिलं, ‘सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला’. पुढच्या वर्षी क्रम उलटा केला, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बाई, हे यांनी वाढवलंय.”

त्या वर्गाने मग मोबाइलवर आपली चित्रफीत करायची ठरवली. पाऊस म्हणून नळाखाली डोकं भिजवून आलेला एक मुलगा, भिंतीला टेकवलेलं बाक, आणि सर झालेला दुसरा. शेवटच्या ओळीला त्याने विचारलं, “बाई, हात ठेवू का?” मी उत्तर दिलं नाही. अर्धा वर्ग ठेव म्हणाला, अर्धा नको. शेवटी त्यांनी दोन्ही प्रकारे चित्रण केलं आणि पुढच्या तासाला दोन्ही एकामागून एक लावून पाहिली.