ट्रम्पेटचा माऊथपीस : कपाची खोली आणि सुरांचा मेळ

ट्रम्पेट शिकणारा वादक सुरुवातीला बहुधा वाद्याबरोबर आलेलाच माऊथपीस (ओठांना लावायचा सुटा भाग) वापरतो आणि वरचे सूर दमवू लागले की उथळ कपाचा (आतल्या वाटीसारख्या पोकळीचा) दुसरा घ्यावा, असे त्याला वाटू लागते. पाश्चात्त्य अभिजात संगीत आणि इतर सर्व प्रकारचे वादन एकाच माऊथपीसवर करायचे असेल, तर हा निर्णय घाईने घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. कारण कपाची खोली बदलली की नादाच्या रंगाबरोबर सुरांची आपापसातली अंतरेही बदलतात.

एका टोकाला बंद असलेल्या साध्या नळीत फक्त विषम (१, ३, ५ अशा पटींतले) अनुनाद, म्हणजे आतली हवा सहज कंप पावते त्या कंप्रता, मिळतात. बी-फ्लॅट ट्रम्पेटची सुमारे दीड मीटर लांबीची नळीही वादकाच्या ओठांपाशी जवळजवळ बंदच असते, तरी ती तशी वाजत नाही, याचे कारण तिच्या दोन टोकांत आहे. पसरत जाणारी बेल (वाद्याचे पुढचे उघडे तोंड) खालचे अनुनाद वर सरकवते, माऊथपीस वरचे अनुनाद खाली ओढतो, आणि दोहोंच्या परिणामाने ते २, ३, ४, ५ अशा पूर्णांकी प्रमाणांच्या अगदी जवळ येतात. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ आर्थर बेनेड यांनी पितळी वाद्यांची ही रचना फार सुरेख उलगडून दाखवली.

सुटा माऊथपीस हातात धरून त्याच्या रिमवर (ओठांना टेकणाऱ्या कडेवर) तळहात आपटला, तर 'पॉप' असा एक ठरावीक उंचीचा आवाज येतो. कपातली हवा दाबली जाऊन उसळते आणि थ्रोटमधला (कपाच्या तळाच्या अरुंद छिद्रातला) हवेचा छोटा स्तंभ पुढेमागे हलतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर घडते तेच इथे घडते. नेहमीच्या माऊथपीसमध्ये या आवाजाची कंप्रता साधारण ८०० ते १००० हर्ट्झच्या आसपास असते, आणि ट्रम्पेटवादक ज्याला 'हाय सी' म्हणतात तो ९३२ हर्ट्झचा सूर याच पट्ट्यात येतो. कप उथळ केला की आतले आकारमान घटते, ही कंप्रता वर चढते, उंच स्वरांशांना (सुरात मिसळलेल्या वरच्या कंपनांना) बळ मिळते आणि नाद झळाळतो. मात्र वरच्या अनुनादांना खाली ओढण्याचा जोर त्याच वेळी कमी होतो, त्यामुळे वरचे सूर खालच्या सुरांच्या मानाने चढे लागतात. फार खोल कपात उलट घडते : नाद गडद होतो आणि वरचे सूर उतरतात. ट्यूनिंग स्लाइडने (नळीची लांबी कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या भागाने) हा दोष जात नाही, कारण ती सगळेच सूर एका दिशेला सरकवते.

माऊथपीसच्या क्रमांकांनी मात्र गोंधळू नये. ऑस्ट्रियात जन्मलेले अभियंता आणि ट्रम्पेटवादक व्हिन्सेंट बाख यांनी १९१८ साली न्यूयॉर्कमध्ये माऊथपीस बनवायला सुरुवात केली. त्यांच्या पद्धतीत आकडा लहान तितका कपाचा व्यास मोठा, तर अक्षर कपाची खोली सांगते आणि 'ए' हा सर्वांत खोल कप. यामाहा कंपनीची पद्धत दोन्ही बाबतींत बरोबर उलटी आहे. बाखच्या कॅटलॉगमध्ये ७सी चा व्यास १६.२ मिलिमीटर, ३सी चा १६.३ आणि १½सी चा १७ आहे. म्हणजे ७सी आणि ३सी यांत कागदावर एकदशांश मिलिमीटरचाच फरक आहे. ओठांना जाणवतो तो बराचसा रिमच्या वळणाचा आणि आतल्या कडेचा.

अभिजात आणि सर्वसाधारण वादनासाठी ३सी ते १½सी हा टप्पा मला योग्य वाटतो. शिकागो सिंफनी वाद्यवृंदाचे ट्रम्पेटवादक अडॉल्फ हर्सेथ १९५२ च्या मोटार अपघातात ओठ आणि दातांना इजा झाल्यावर मोठ्या व्यासाच्या माऊथपीसकडे वळले, आणि पुढे असंख्य वादकांनी तो आकार अनुकरणीय मानला. परंतु त्यांचे कारण त्यांच्या ओठांचे होते. मोठा व्यास ओठांचा अधिक भाग कंप पावू देतो आणि नाद भरदार होतो, पण स्नायूंची तयारी नसेल तर अर्ध्या मैफलीतच दम संपतो.

पारखताना एकच सूर तीन सप्तकांत हळू आवाजात वाजवून ट्यूनरशी ताडून पाहावा आणि सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला कोणाला तरी ऐकायला बसवावे, कारण बेल समोर रोखलेली असल्याने वादकाला स्वतःचा नाद वेगळाच ऐकू येतो. ज्यांना बिग बँडमध्ये (मोठ्या जॅझ वाद्यवृंदात) लीड, म्हणजे सर्वांत वरचा मुख्य भाग, वाजवण्यासाठी उथळ कप लागतोच, त्यांनी रिम तीच ठेवून फक्त कप बदलावा. आटे असलेल्या, फिरवून निघणाऱ्या रिम याच सोयीसाठी बनवल्या जातात.