इंजिन ऑइलची निवड (मोटरसायकल इंजिनावरची रेसकार)

मोटरसायकलचे इंजिन बसवलेल्या एकआसनी छोट्या रेसकारसाठी वंगण ठरवण्याची रीत. अशा गाड्या बहुधा अभियांत्रिकीचे विद्यार्थी बांधतात. फॉर्म्युला स्टुडंट धर्तीच्या स्पर्धांत इंजिन ७१० सीसीपर्यंत चालते, त्यामुळे केटीएम ३९० किंवा ६०० सीसीची चार सिलिंडरची इंजिने जास्त दिसतात. बेळगावात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय आहे, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत आणि उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत फाउंड्री व लेथ हाताशी आहेत. असल्या गाडीला लागणारे बहुतेक काम तिथल्या तिथे होते.

ऑइलच्या दुकानात पहिला प्रश्न असतो तो आकड्याचा: ट्वेंटी-फोर्टी देऊ की फिफ्टी? खरे तर आकडा नंतर येतो. बहुतेक मोटरसायकलींमध्ये इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स तिन्ही एकाच ऑइलात भिजलेले असतात. चारचाकीच्या, विशेषतः पेट्रोल वाचवणाऱ्या पातळ ऑइलात घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेली असतात. ती क्लचच्या प्लेटींवर बसली की प्लेटी घसरतात. आरपीएम चढतात, गाडी मात्र जागची हलत नाही, आणि पोरे क्लचच्या स्प्रिंगांना दोष देत बसतात. म्हणून डब्यावर आधी जासो हे जपानी मानक शोधावे. १९९८ पासूनच्या या मानकात एमए आणि एमए२ ही ओल्या क्लचसाठी आहेत. एमबी स्कूटरसाठी, ते इथे चालत नाही. गाडी ‘चारचाकी’ आहे म्हणून चारचाकीचे ऑइल घालणे ही नवख्या संघाची ठरलेली चूक.

आता आकडा. २०डब्ल्यू-४० सारख्या आकड्यात ‘डब्ल्यू’च्या आधीचा अंक थंडीतल्या वागणुकीचा, नंतरचा तापलेल्या ऑइलच्या दाटपणाचा असतो. क्रँक फिरण्याची चाचणी १०डब्ल्यू ऑइलसाठी उणे २५ अंशांवर, तर २०डब्ल्यूसाठी उणे १५ अंशांवर होते. बेळगावची थंडी कितीही बोचरी म्हटली तरी पारा त्याच्या आसपासही जात नाही. तेव्हा ५डब्ल्यूसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही, उलट तोटा संभवतो. दोन अंकांतले अंतर जितके मोठे, तितकी त्यात दाटपणा टिकवणारी पॉलिमरे सहसा जास्त, आणि गिअरच्या दातांत ती चिरडली जातात. मग डब्यावरचे पन्नास प्रत्यक्षात चाळिसावर येते. १०० अंशांना ५० ग्रेडची दाटी १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक (दाटपणा मोजण्याचे एकक) असते, ४० ग्रेडची १२.५ ते १६.३. कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडपासून उगाच ढळू नये. केटीएम ३९० ला १५डब्ल्यू-५०, जासो एमए२ सांगितलेले आहे. उन्हाळ्यात ऑइल १२० अंशांच्या वर जात असेल, तर आणखी जाड ऑइल घालण्याआधी ऑइल कूलर बसवावा. चिमटीत ऑइल घोळवून ‘अजून दम आहे’ सांगणारे मेस्त्री आपल्याकडे प्रत्येक गल्लीत भेटतात, पण चिमटीचे तापमान ऑइलच्या कामाच्या तापमानापासून साठ-सत्तर अंशांनी दूर असते.

सगळ्यात दुर्लक्षिलेली बाब ऑइलमध्ये नसून त्याच्या भांड्यात आहे. मोटरसायकल वळणावर कलते, म्हणून ऑइल संपच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या, तळाशीच राहते. तेच इंजिन कारमध्ये ताठ उभे असते. वळणात बाजूचा जोर १ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतका, झाला की ऑइलचा पृष्ठभाग ४५ अंशांनी तिरपा होतो. ३९० मध्ये एकूण ऑइल साधारण १.७ लिटर, त्यातले बरेच वर सिलिंडरच्या डोक्यात आणि बेअरिंगांमध्ये फिरत असते. उरलेले एका कडेला गेले की पंपाच्या तोंडाशी हवा येते, दाब पडतो आणि कनेक्टिंग रॉडचे मोठ्या टोकाचे बेअरिंग कोरडे पडते. लांब वळणात एक-दोन सेकंद पुरतात. महागातले महाग ऑइलही तिथे हजर नसेल तर काय कामाचे? उपाय संपमध्ये आहे: उद्यमबागेत ॲल्युमिनियमचा उथळ, रुंद संप ओतून घ्यावा, आत आडव्या पत्र्याच्या भिंती व एकाच बाजूने उघडणाऱ्या झडपा बसवाव्यात. ऐपत असेल तर ड्राय संप, म्हणजे ऑइल इंजिनाखाली न साठवता वेगळ्या टाकीत ठेवण्याची रचना. ऑइल वरच्या खुणेच्या पुढे भरणे हा सोपा वाटणारा मार्ग, पण क्रँक त्यात बुडून फेस काढतो आणि फेसाळ ऑइल ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) कॅच कॅनमध्ये, म्हणजे बाहेर आलेले ऑइल धरणाऱ्या डब्यात, जाते. हा कॅन नियमानुसार निदान ०.९ लिटरचा लागतो.

पावसाळ्यात वेगळीच अडचण. बेळगावशेजारच्या खानापूरकडच्या पावसात गाडी शेडमध्येच असते आणि दाखवण्यापुरती पाच मिनिटे सुरू होते. तेवढ्यात ऑइल तापत नाही, त्यातले पाणी आणि गळालेले पेट्रोल उडून जात नाही. भरण्याच्या टोपणाखाली साबणासारखा पांढरट थर दिसला की ऑइल बदलावे, मग ते महिनाभराचेच का असेना.

स्पर्धेनंतर ऑइल काढताना फिल्टर फेकू नये. ३९० चा कागदी फिल्टर ब्लेडने कापून, घड्या उलगडून पांढऱ्या ताटात पसरावा आणि चुंबक फिरवावा. चुंबकाला लागणारी बारीक काजळी गिअरची, ती चालते. काळा लोकरीसारखा गाळ क्लचचा. तांबूस किंवा चांदीसारख्या चकत्या चुंबकाला लागत नसतील, तर नवा डबा विकत न घेता संप खोलून बेअरिंग पाहावे.