खिडकीची कडी लागत नाही? आधी बिजागरी बघा

मृग लागला की आमच्या काउंटरवर रोज एकच मागणी: "कडी मोडली, नवी द्या." कुणी तिला खिटी म्हणतं, कानडी गिऱ्हाईक 'चिलक' मागतं, नवे बंगलेवाले 'टॉवर बोल्ट' म्हणतात. वस्तू एकच. कड्या विकणं हा आमचा धंदा, तरी सांगतो: आमच्याकडे येणाऱ्या पुष्कळ कड्या मोडलेल्या नसतातच. झडप खाली बसलेली असते, म्हणून दांडा भोकात जात नाही. मग आपण जोर लावतो आणि तेव्हा ती खरंच मोडते.

खात्री करायला खिडकी अर्धी उघडा आणि झडप खालून दोन्ही हातांनी हळूच वर उचला. हलली, तर दोष बिजागरीचा आहे. बहुतेक वेळा वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झालेले असतात. ते आवळा, कडी आपोआप लागेल. स्क्रू नुसताच गरगर फिरत असेल तर भोक मोठं झालंय. गुल काढलेल्या दोन-तीन आगकाड्या किंवा बांबूची बारीक काडी फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात ठोका, रात्रभर वाळू द्या, वर आलेलं टोक कापा आणि मग स्क्रू बसवा. एक इंची स्क्रूच्या जागी सव्वा इंची घातला तर आणखी बरं. स्क्रूड्रायव्हरचं टोक चौकटीत सहज रुतत असेल, तर मात्र लाकूड कुजलंय किंवा वाळवी लागली आहे. तिथं कितीही भारी कडी लावली तरी टिकणार नाही. आधी मेस्त्रीला दाखवा.

बिजागरी घट्ट असूनही दांडा अडतोय? दांड्याच्या टोकाला ओलं कुंकू लावा आणि कडी ढकला. टोक जिथं टेकतं तिथं चौकटीवर ठिपका उमटेल. ठिपका भोकाच्या काठावर असला तर गोल कानशीने भोक थोडं वाढवलं की भागतं. बराच लांब असला तर कोयंडा काढून नव्या जागी बसवावा लागेल.

पावसात रंधा मारू नका

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पावसाळी पट्ट्यात आषाढ-श्रावणात लाकडी खिडकी फुगणारच. लाकूड ओल पितं आणि आडवं पसरतं. अथणी-गोकाककडच्या कोरड्या हवेत राहणाऱ्या पाहुण्यांना ही तक्रार तेवढी कळायची नाही. फुगलेली झडप पावसात तासली, तर उन्हाळ्यात ती आक्रसते, बोटभर फट पडते आणि वळवाचं पाणी थेट घरात येतं. पाऊस संपेपर्यंत झडपेच्या कडेला आणि दांड्याला मेणबत्ती घासा, काम निभतं. तासायचंच असेल तर लाकूड पूर्ण वाळल्यावर, चैत्र-वैशाखात. तासलेल्या कडेला त्याच दिवशी प्रायमर आणि रंग द्या. झडपेची वरची आणि खालची कड रंगारी हमखास विसरतात, आणि पाणी शिरतं ते तिथूनच.

कडीत खोबरेल घालायची सवय सोडा. ते 24 अंशांच्या खाली थिजतं. बेळगावच्या थंडीत सकाळी कडी हलणार कशी? शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब पुरतात.

नवी घ्यायचीच असेल तर

साध्या खिडकीला 4 इंची कडी पुरते, उंच झडपेला 6 इंची लागते. लांबीइतकीच दांड्याची जाडी बघा. पातळ दांडा वाऱ्याच्या एका दणक्यात वाकतो. पितळी कडीला स्क्रूही पितळीच घ्या. लोखंडी स्क्रू आधी गंजतात आणि चांगल्या कडीची वाट लावतात. पितळ मऊ असल्यामुळे कडक सागवानात पितळी स्क्रूचं डोकं तुटतं. म्हणून आधी बारीक भोक पाडा, त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा आत फिरवून बाहेर काढा, मग पितळी घाला. जुने सुतार असंच करतात.

ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडकीचं गणित वेगळं. तिथं लॉक लागत नसेल तर आधी खालच्या पट्टीतली माती ब्रशने काढा. चाक खाली बसलं असेल, तर झडपेच्या खालच्या कोपऱ्यात स्क्रू असतो. तो फिरवून झडप वर-खाली होते. लॉकच तुटलं असेल तर दोन स्क्रूंच्या भोकांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून आणा. एक-दोन मिलिमीटरच्या फरकानेही लॉक बसत नाही. डावं-उजवं हेही वेगळं असतं.

जुन्या लोखंडी खिडक्यांचं हँडल बऱ्याचदा रिव्हेटने ठोकलेलं असतं. ते घरी काढू नका, ड्रिल लागतं. माडीवरची बाहेर उघडणारी झडप, तडा गेलेली काच, ही कामंही आमच्या माणसावर सोडा. तोवर झडप आतून गजाला सुतळीने बांधून ठेवा.

दुकानात येताना जुनी कडी मोडकी असली तरी स्क्रूंसकट पिशवीत घालून आणा. नुसता फोटो पाठवणार असाल तर शेजारी पट्टी ठेवून काढा; फोटोत 4 इंची आणि 6 इंची सारखीच दिसते.