धर्मगुरूविरुद्ध तक्रार कुठे द्यायची आणि ती कुठे अडते

"मी तर वर्षभरापूर्वीच सांगितलं होतं, काहीच झालं नाही," असं कोणी म्हणालं की मी आधी विचारते, कुठे सांगितलंत? उत्तर बरेचदा येतं, पापनिवेदनात (कन्फेशनमध्ये). सगळं अडतं ते इथेच. चर्चच्या कायद्याच्या ९८३व्या कलमाप्रमाणे पापनिवेदनात ऐकलेलं धर्मगुरूंना कोणापुढेही उघड करता येत नाही, म्हणून ती तक्रार नोंदलीच जात नाही. तेच पुन्हा बाहेर, कागदावर मांडावं लागतं. एकदा धीर करून बोललेल्या माणसाला हे फार जड जातं, मला माहीत आहे. पण त्याला पर्याय नाही.

पुढचं सगळं कॅथलिक चर्चपुरतं आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये काढलेला 'व्होस एस्तिस लुक्स मुंदी' हा आदेश ३० एप्रिल २०२३ पासून सुधारून कायम झाला. अल्पवयीन आणि दुर्बल व्यक्तींचं लैंगिक शोषण, बळजबरीने, धाकाने किंवा अधिकाराचा गैरवापर करून लादलेले लैंगिक संबंध, आणि बिशपांनी अशा प्रकरणांवर घातलेलं पांघरूण त्यात येतं. पैशांचा गोंधळ, अरेरावी यांची तक्रार वेगळी लिहा. सगळी गाऱ्हाणी एका पत्रात कोंबली की मुख्य आरोपच बाजूला पडतो.

तक्रार कोणीही करू शकतं. पीडित असण्याची किंवा कॅथलिक असण्याची अट नाही.

"पुरावा नाही" म्हणून कितीतरी जण घरीच थांबतात. थांबू नका. चर्चच्या कायद्याच्या १७१७व्या कलमाप्रमाणे प्राथमिक चौकशी सुरू व्हायला गोष्ट खरी असण्याची शक्यता दिसली तरी पुरे. पुरावे शोधणं हे चौकशी करणाऱ्याचं काम आहे. तुम्ही द्यायचं ते एवढंच: काय घडलं, कुठे, केव्हा, कोण होतं, आणखी कोणाला ठाऊक आहे. नेमकी तारीख आठवत नसेल तर "आठवीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत" असं लिहा. अंदाजाने तारीख टाकली आणि ती चुकली, तर खऱ्या गोष्टीवरही शंका घेतली जाते. त्यावेळी वय १८ पेक्षा कमी असेल तर जन्मतारखेचा दाखला जोडा.

धर्मगुरूविरुद्धची तक्रार धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतल्या भागाच्या, कार्यालयात जाते. बिशपांविरुद्ध असेल तर प्रांताच्या, म्हणजे अनेक धर्मप्रांतांच्या गटाच्या, आर्चबिशपांकडे, पोपच्या राजदूतांकडे किंवा थेट रोमला (व्हॅटिकनच्या कार्यालयाकडे). आर्चबिशपांविरुद्ध असेल तर रोमला, आणि प्रांतातल्या सर्वांत ज्येष्ठ बिशपांकडेही. ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांच्याच सचिवाच्या हाती पाकीट देऊ नका. प्रत ठेवा, तारखेसह पोच घ्या. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर नोंदणीकृत टपालाने पाठवा. पोचपावतीअभावी वर्षं वाया गेलेली मी पाहिली आहेत.

मुदतीचा घोळ दोन ठिकाणी होतो. बिशपांविरुद्धच्या तक्रारीत जे ३० दिवस सांगितले जातात ते रोमने आर्चबिशपांना सूचना देण्यासाठी आहेत. तेवढ्यात निकाल लागत नाही. दुसरी मुदत चर्चमध्ये खटला चालवण्याची, २० वर्षांची. अल्पवयीनांच्या बाबतीत ती घटनेपासून मोजत नाहीत, पीडित व्यक्तीला १८ पूर्ण झाल्यापासून मोजतात, म्हणजे वयाच्या ३८व्या वर्षापर्यंत. त्यानंतरही ती शिथिल करण्याचा अधिकार रोमला आहे. "आता उशीर झाला" एवढं तोंडी ऐकून कार्यालयातून परत येऊ नका.

गप्प राहण्याच्या कागदावर सही मागितली तर करू नका. 'व्होस एस्तिस' आदेशाच्या ४थ्या कलमाने तक्रारदारावर मौनाची सक्ती करता येत नाही, आणि तक्रार केली म्हणून त्रास देण्यालाही मनाई आहे. पोलिसांकडे जाण्याचा तुमचा हक्क यातल्या कशानेही कमी होत नाही. चर्चच्या उत्तराची वाट पाहत तिकडचा रस्ता लांबवू नका.

बिशपांविरुद्धच्या चौकशीचा निष्कर्ष, रोमची वेगळी सूचना नसेल तर, पीडित व्यक्तीला मागितल्यावर कळवतात. म्हणून पत्राच्या शेवटी सहीच्या वरच लिहा: चौकशीचा निष्कर्ष मला लेखी कळवावा.