धरलेला खांदा आणि ‘चिकटण्या’चा गैरसमज

खानदेशात ‘खांदा धरला’ म्हटलं की दुखणं लगेच कळतं. वेणी घालता येत नाही, पाठीमागचा हुक लागत नाही, रात्री त्या कुशीवर वळलं की जाग येते. मांडे करणाऱ्या बाईच्या ते फार लवकर ध्यानात येतं, कारण दोन्ही हातांवर खेळवत मांडा खापराएवढा करायचा असतो आणि एक हात साथच देत नाही.

आयुर्वेदात याच्याशी जुळणारा ‘अवबाहुक’ आहे. पाश्चात्त्य वैद्यकात १८७२ मध्ये खांद्याभोवतीची सूज म्हणून याचं वर्णन झालं, तर ‘फ्रोजन शोल्डर’ हे नाव १९३४ मध्ये अमेरिकेत पडलं.

खरा घोळ १९४५ चा. एका शल्यविशारदाला शस्त्रक्रियेत सांध्याभोवतीचं आवरण हाडाला चिकटलेलं, चिकटपट्टीसारखं सोलून निघणारं दिसलं. त्यावरून ‘अ‍ॅडहेसिव्ह कॅप्सुलायटिस’, म्हणजे चिकटलेल्या आवरणाची सूज, हे नाव रूढ झालं. पुढे सांध्यात दुर्बीण घालून पाहिल्यावर चित्र वेगळं निघालं: आवरण चिकटलेलं नसतं, आधी सुजतं, मग जाड होऊन आक्रसतं. म्हणून हे नाव सोडा, असं अनेक तज्ज्ञ आता म्हणतात. तरी फायलींवर तेच लिहिलं जातं, आणि रुग्णाला सांगितलं जातं, ‘खांदा चिकटलाय.’ चिकटलाय म्हटल्यावर घरचे तो सोडवायला बघणारच. मग मालीशवाल्याकडे नेऊन हात ओढला जातो, झटके दिले जातात. सुजेच्या, ठणक्याच्या दिवसांत ही ओढाताण दुखणं वाढवते. हाडं ठिसूळ असली तर दंडाचं हाड मोडण्याचीही भीती असते. या काळात सोसेल तेवढाच हलका व्यायाम आणि डॉक्टरांना योग्य वाटल्यास सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन, हा मार्ग बरा.

‘वर्ष-दोन वर्षांत आपोआप सुटतो’ हेही अर्धंच खरं. पुष्कळांचा सुटतो, काहींचा थोडा आखडलेलाच राहतो.

आपल्याकडे दोष ओझ्याला दिला जातो, केळीचे घड नाहीतर कापसाची गाठोडी. ओझ्याने बहुधा स्नायूची दोरी दुखावते. तेव्हा दुसऱ्याने धरून उचलला तर हात वर जातो. धरलेल्या खांद्यात तो दुसऱ्यालाही उचलता येत नाही, आणि कोपर कमरेला टेकवून पंजा बाहेर वळवायला गेलं तर तिथेच अडतो. एक्स-रे मात्र साधारणपणे स्वच्छ येतो.

धोका जास्त कोणाला? चाळीस ते साठ वयाच्यांना, त्यातही बायकांना. थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांना. पक्षाघात, शस्त्रक्रिया किंवा प्लास्टरमुळे हात बराच काळ स्थिर राहिलेल्यांना. सगळ्यात ठळक धागा मधुमेहाचा. एरवी हा आजार शंभरात दोन ते पाच जणांना होतो, मधुमेहींमध्ये शंभरात दहाहून अधिकांना, आणि त्यांचा खांदा सुटायलाही वेळ लागतो. म्हणूनच पन्नाशीच्या आसपासचं कोणी धरलेला खांदा दाखवायला आलं, तर रक्तातली साखर तेव्हाच तपासावी. मधुमेह असल्याचं काहींना तिथेच पहिल्यांदा कळतं.